कुठल्या सेकंदाला?

९० बीपीएमच्या बीटवर रॅपचा सोळा बारांचा व्हर्स (कडवं) जेमतेम ४३ सेकंद चालतो. एका बारात चार मात्रा, सोळा बारांत चौसष्ट, आणि मिनिटाला नव्वद मात्रा पडतात. हिशेब एवढाच. या ४३ सेकंदांत रॅपरला श्वासाच्या जागा शोधायच्या असतात. कुठला शब्द स्नेअर या खणखणीत ड्रमच्या टोल्यावर बसवायचा आणि कुठला हलकेच मागे ठेवायचा, हेही तेव्हाच ठरतं. त्यासाठी त्यानं तो व्हर्स शंभरदा घासलेला असतो. मग अल्बम येतो आणि परीक्षणात एक वाक्य छापून येतं: 'फ्लो जबरदस्त आहे.' असेल. पण कुठल्या गाण्यात, कुठल्या सेकंदाला?

मुंबईत पत्ता सांगताना कोणी 'अंधेरीत कुठेतरी' म्हणत नाही. ईस्ट की वेस्ट, पुलाच्या कुठल्या बाजूला, कुठल्या मेडिकलच्या वर, हे सांगितल्याशिवाय माणूस पोचत नाही. अल्बमवरच्या मतालाही असाच पत्ता लागतो. मत कडू असो की गोड, वाचणाऱ्याला ते गाणं लावून त्या जागेवर बोट ठेवता आलं पाहिजे. तिथे त्याला वेगळं काही ऐकू आलं तर फारच उत्तम, कारण भांडायला निदान एक जागा मिळाली. ज्या मताला पत्ता नसतो, त्याच्याशी धड भांडताही येत नाही.

हिप-हॉप आणि रॉक या दोन्हींवर आज मराठीत बरंच लिहिलं-बोललं जातं, आणि त्यातलं बरंचसं घाईत. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येऊ लागले. मुंबईत गुरुवारी रात्री बाराचा ठोका पडला की बहुतेक अल्बम उघडतात. काहींना न्यूयॉर्कची मध्यरात्र लागते. ते आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला येतात. दुपारच्या जेवणापर्यंत 'क्लासिक' आणि 'कचरा' हे दोन्ही निकाल लागलेले असतात. पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम तोवर फार तर दोनदा ऐकून होतो. दोनदा ऐकून कळतं ते एवढंच, की अल्बम आपल्या अपेक्षेसारखा आहे की नाही. तो चांगला आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या पुढचा.

म्हणून आधी ऐकण्याबद्दल. ॲपमधला क्रॉसफेड बंद करा, ऑटोप्ले बंद करा, शफल तर बंदच. क्रॉसफेड चालू राहिला की एका गाण्याचं शेपूट पुढच्याच्या डोक्यावर चढतं आणि गाण्यांच्या मध्ये मुद्दाम ठेवलेली शांतता गायब होते. मग 'अल्बम एकसलग वाहतो' असं लिहिलं जातं, जे कलाकारानं केलेलंच नसतं. पहिल्यांदा काहीही न लिहिता सगळा ऐकावा. दुसऱ्यांदा वही घेऊन, थांबत-थांबत. या फेरीला दुप्पट वेळ जातो, जाऊ द्यावा. वहीत वाक्यं लिहू नयेत, जागा लिहाव्यात: 'गाणं ४, १:१२, हुक दुसऱ्यांदा, बास काढलाय, फक्त टाळी.' (हुक म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं धृवपद.) तिसरी फेरी शब्दांसाठी आणि चौथी वेगळ्या उपकरणावर. मग दोन दिवस अल्बम बंद ठेवायचा. तिसऱ्या दिवशी काहीही न लावता आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं: कुठली ओळ, कुठला रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी सुरावट), कुठला आवाज. ही पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तीच सर्वांत जास्त सांगते. पहिल्या दिवशी भव्य वाटलेल्या गाण्यातलं काहीच आठवत नाही, आणि ज्यावरून कान पटकन पुढे गेला होता त्याची एक ओळ डोक्यात घर करून बसलेली असते, असं फार वेळा होतं. सगळं धरून पाच तास लागतात. एवढा वेळ नसेल तर एकाच गाण्यावर लिहावं, त्यात काहीच कमीपणा नाही.

वेगाबद्दल बोलताना सर्वांत जास्त चुका होतात. जुन्या धाटणीचा बूम-बॅप बीट साधारण ८५ ते ९५ बीपीएमचा असतो. ट्रॅप आणि ड्रिल या नव्या धाटणीचे बीट बनवणारे प्रोड्यूसर मात्र सॉफ्टवेअरमध्ये १४०च्या आसपासचा आकडा टाकतात. तरीही बीट दुप्पट धावतोय असं वाटत नाही. ट्रॅपमध्ये स्नेअर बारात एकदाच, तिसऱ्या मात्रेवर पडतो, त्यामुळे मान ७०च्या लयीत हलते. तबल्याच्या भाषेत ठेका विलंबित आणि हाय-हॅटची (ड्रमसेटमधल्या जोडझांजेची) चिकचिक चौगुणीत. १४०नं मोजलं तर सोळा बार २७ सेकंदांत संपतात, ७०नं मोजलं तर ५५ सेकंद चालतात. आपण कुठल्या हिशेबानं मोजतोय हे ठरवल्याशिवाय 'रॅपर फार वेगात म्हणतो' या वाक्याला अर्थ नाही. सोपा उपाय आहे. एका बारात तो किती अक्षरं म्हणतो ते मोजा, आणि दुसऱ्या व्हर्समध्ये ती संख्या बदलते का ते पाहा. बदलत असेल तर कुठे आणि कशासाठी, हे लिहिण्यासारखं आहे. पूर्ण अल्बमभर बदलत नसेल, तर पाचव्या गाण्यापासून कंटाळा का आला याचं उत्तर तुमच्या वहीत आहे.

इथे आपल्याच संगीतातले शब्द कामी येतात, आणि ते न वापरण्याचं मला वाईट वाटतं. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावानं गायकांवर लिहीत, त्याला आता नव्वदेक वर्षं होत आली. तेव्हापासून मराठीत आवाजावर बोलायला शब्द तयार आहेत: लगाव, फेक, दमसास, ठहराव. रॅपरचा दमसास ऐकून तपासता येतो. लांब ओळीच्या शेवटी शब्द पातळ होतो का, श्वासाचा आवाज एडिटिंगमध्ये कापला आहे का, दोन टेक मध्येच जोडले आहेत का? जोड असेल तर ओळीच्या मध्ये आवाजाचा पोत क्षणभर बदलतो आणि नवा शब्द आधीचा संपण्यापूर्वीच सुरू होतो. रेकॉर्डिंगमध्ये जोड देणं हा काही गुन्हा नाही. पण अशा व्हर्सचं 'एका दमात' म्हणून कौतुक करणं चुकीचं.

आता कानाला काय लावून ऐकता ते. हिप-हॉपमधला ८०८ हा बासचा आवाज रोलँडच्या टीआर-८०८ या १९८०च्या ड्रम मशीनवरून आला. त्याचा मूळ सूर बहुधा ४० ते ६० हर्ट्झच्या टापूत असतो. फोनचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. फोनवर जो बास ऐकू येतो तो मूळ सूर नसतोच; प्रोड्यूसरनं थोडं डिस्टॉर्शन देऊन (आवाज जरा फाडून) वर उमटवलेली त्याची सावली असते. ड्रिलमध्ये हा ८०८ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. ती सरळसरळ मींड आहे, आणि गाण्याची चाल कित्येकदा तिच्यातच असते. ती मींड न ऐकता 'बीट रिकामा वाटतो' असं लिहिणं म्हणजे तंबोरा बंद करून गायकाला बेसुरा म्हणण्यासारखं.

लोकलमध्ये ऐकणाऱ्यांची अडचण वेगळी. बोरिवली ते चर्चगेट धीम्या गाडीला तासाभराहून थोडं जास्त लागतं, म्हणजे वेळेच्या हिशेबानं प्रवास अल्बमसाठीच बनवल्यासारखा. पण गाडीची घरघर आणि रुळांचा धडधडाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो आणि तो बास झाकून टाकतो. मग माणूस आवाज वाढवतो, वरच्या पट्टीतले हाय-हॅट आणि स आणि श टोचू लागतात, आणि परीक्षणात 'मिक्स कर्कश आहे' असं येतं. लोकलमध्ये शब्द नीट ऐकता येतात, तेव्हा तिसरी फेरी तिथे करावी. मिक्सवर, म्हणजे सगळ्या आवाजांच्या मेळावर, मत द्यायचं तर घरी, पंखा बंद करून, वायरच्या हेडफोनवर. आणि परीक्षणात एक ओळ लिहावी: कशावर ऐकलं. वाचकाला ही एक ओळ दहा विशेषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मराठी रॅपवर लिहिताना तर यमकाचा हिशेब मांडायलाच हवा. मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, त्यामुळे व्याकरण आपणहून यमक पुरवतं. 'गल्लीत वाढलो, रस्त्यात पडलो, एकटाच रडलो, पुन्हा चढलो.' चार यमकं, आणि त्यांतल्या एकाचीही मेहनत रॅपरची नाही. ती 'लो'ची कृपा. इंग्रजीत सलग चार ओळींना यमक जुळवणं कष्टाचं असतं, म्हणून तिकडचा समीक्षक त्याचं कौतुक करतो. तीच फूटपट्टी उचलून मराठीला लावली की सामान्य लिखाण थोर ठरतं. मराठीत पाहायचं ते असं: यमक क्रियापदाबाहेर पडलंय का? एकाऐवजी चार-पाच स्वर जुळलेत का? समजा कोणी 'पागडीची खोली' याला 'फाटकीशी झोळी' जोडलं, तर आ-ई-ई-ओ-ई असे पाचही स्वर ओळीनं जुळतात, आणि ल आणि ळ यांतला फरक कानाला हवाहवासा वाटतो. शिवाय पागडी या शब्दात गिरगाव-लालबागच्या भाडेकरूंचा सगळा इतिहास येतो. अशी जोडी दिसली की ती परीक्षणात उचलून दाखवावी.

दुसरी गोष्ट उच्चारांची. लिहिताना 'पागडी' तीन अक्षरं, बोलताना दोनच: पाग्-डी. मराठी बोलण्यात असे मधले अ गळतात आणि शब्दाला एक बंद, टणक कड येते. ड्रमच्या टोल्यावर ती कड अचूक बसते. काही रॅपर चालीत गाताना हे गळलेले अ परत आणतात आणि शब्द ताणतात, मग ओळ भावगीतासारखी ऐकू येते. कधी ते मुद्दाम केलेलं असतं, कधी अक्षरं कमी पडली म्हणून. तीच युक्ती हुकमध्ये येते की ऐन व्हर्समध्ये, हे पाहिलं की बहुधा उत्तर मिळतं.

बोलीचं तर बोलायलाच नको, इतकं ते महत्त्वाचं आहे. 'मेरेको', 'तेरेको', 'कल्टी' हे मुंबईचं हिंदी मराठीच्या मांडीवर वाढलंय. उत्तरेकडचा समीक्षक त्याला बिघडलेलं हिंदी समजतो. त्याची लय कुठून आली ते मराठी कानाला लगेच कळतं. अमरावतीच्या १०० आरबीएच या रॅपरची वऱ्हाडी पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून द्यावी लागते, आणि ते काम मराठीतच होऊ शकतं. तो ज्या 'स्वदेसी' या गटाबरोबर गायला, त्यात मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषा एकाच मंचावर येतात. त्यातला एमसी तोडफोड गुजरातीत रॅप करायचा. २०२२च्या मार्चमध्ये तो फार लहान वयात गेला. २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर या गटानं प्रकाश भोईर यांच्यासोबत केलेल्या वारली गाण्यावर अनेकांनी फक्त 'संदेश चांगला' एवढंच लिहिलं. भोईर यांच्या गळ्यातली लय आणि खालचा इलेक्ट्रॉनिक बास एकमेकांना कुठे धरतात आणि कुठे सोडतात, हे लिहायला हवं होतं. ते गाणं ज्यांच्यासाठी होतं त्यांचा मान त्यात आहे.

'रॅप म्हणजे आजचा पोवाडा' हे वाक्य आता थांबवावं, असं मला मनापासून वाटतं. पोवाडा ऐकलेल्या माणसाला त्यात काही मिळत नाही आणि रॅप ऐकणाऱ्यालाही नाही. पोवाड्याला चाल असते, कथेचा क्रम असतो, डफ-तुणतुण्याबरोबर लय चढत जाते, आणि शाहीर बहुधा दुसऱ्याची गाथा गातो. रॅपर एका फिरत्या लूपवर स्वतःचं बोलतो आणि लय बहुधा आहे तिथेच राहते. खरी सारखी जागा वेगळीच आहे: झीलकरी. शाहिराच्या मागे उभं राहून 'जी जी' म्हणत ओळीचा शेवट उचलणारे झीलकरी आणि रॅपमधले मागून येणारे ॲडलिब यांचं काम एकच. ते मुख्य आवाजाला श्वास घ्यायला उसंत देतात आणि ऐकणाऱ्याला सांगतात, की ही ओळ महत्त्वाची. ॲडलिब कुठल्या ओळीमागे आहेत आणि कुठल्या ओळीमागे मुद्दाम नाहीत, हे एकदा हेडफोन लावून टिपून पाहा. बहुतेक वेळा डाव्या-उजव्या टोकाला ठेवलेले असतात. एक कान काढला की सापडतात.

मुंबईच्या हिप-हॉपवरच्या लिखाणात एक मोठी चूक रुजली आणि तिला कारण आहे. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं आयपॅडवर चित्रित केलेलं गाणं आलं. पुढच्या वर्षी अंधेरीच्या जे. बी. नगरचा रॅपर डिव्हाइन आणि तो एका गाण्यात एकत्र आले, तेव्हा बीट दिल्लीच्या सेझ या प्रोड्यूसरचा होता. २०१९ मध्ये या दोघांवरून सुचलेला हिंदी चित्रपट आला आणि 'गल्ली' हा शब्द देशभर गेला. तेव्हापासून परीक्षणाची पहिली तीन वाक्यं रॅपरच्या खोलीच्या आकारावर जातात. डिव्हाइनचा पहिला पूर्ण अल्बम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मास अपील इंडिया या कंपनीतर्फे आला. तोवर तो यशस्वी कलाकार होता. गाण्यांची मांडणी बदलली होती, हुक मोठे झाले होते, मिक्स स्वच्छ झाला होता. तरी त्याला 'अजून गल्लीतला आहे का' याच प्रश्नावर जोखलं गेलं. गरिबी हा विषय असू शकतो, गुण असू शकत नाही. ज्या वाक्यात रॅपरचं नाव बदलून दुसऱ्याचं टाकलं तरी चालतं, ते वाक्य खोडावं. या एका चाचणीनं परीक्षणाचा एक तृतीयांश भाग गळतो.

सॅम्पलच्या, म्हणजे जुन्या गाण्यातून उचललेल्या तुकड्याच्या बाबतीत मात्र मुंबईच्या कानाला मोठा फायदा आहे, आणि तो वापरायला हवा. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं एक गाणं गाजलं. तिकडच्या ऐकणाऱ्यांना त्यातला बाईचा आवाज म्हणजे कुठलातरी पूर्वेकडचा रंग वाटला. इथे कोणालाही कळलं असतं, की त्या लताबाई आहेत आणि गाणं १९८१च्या 'ज्योती'मधलं, बप्पी लाहिरींचं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश २००३ मध्ये निघाला. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाच्या गाण्यात कल्याणजी-आनंदजींच्या 'डॉन' आणि 'अपराध'मधले तुकडे होते. असं सॅम्पल ओळखता आलं म्हणजे काम संपलं नाही. पुढचा प्रश्न त्याचं काय केलं हा. मूळ तुकड्याची पट्टी चढवली का? त्याचा पहिला ठोका सरकवून दुसऱ्याच जागी सम आणली का? की आठ सेकंद जसेच्या तसे फिरवत ठेवले? यावरच प्रोड्यूसरची किंमत ठरते. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं परवानगीशिवाय सॅम्पल वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि पैसे हा मोठा खर्च झाला, म्हणून आधीच्या काळातले वीस-वीस तुकड्यांचे थर आता क्वचित दिसतात. डे ला सोल या रॅप गटाचा १९८९चा अल्बम याच गुंत्यामुळे थेट मार्च २०२३ मध्ये स्ट्रीमिंगवर आला. आजच्या बीटला 'जुन्यासारखा श्रीमंत नाही' म्हणताना हे लक्षात ठेवावं.

रॉककडे वळलं की मुंबईकर कानाची पहिली तक्रार ठरलेली असते: 'आवाज नीट ऐकू येत नाही.' ही तक्रार आपल्या सवयीतून येते. हिंदी आणि मराठी सिनेगीतांत गायकाचा आवाज सगळ्यांच्या वर, अगदी कानाशी ठेवतात; वाद्यं त्याच्या मागे अदबीनं उभी असतात. रॉकमध्ये गळा हा बऱ्याचदा चार वाद्यांतलं एक वाद्य असतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडनं १९९१ मध्ये तो गिटारींच्या ढगात बुडवला, तेव्हा तो निर्णय होता. निर्णय आणि चूक यांतला फरक ऐकू येतो. निर्णय असेल तर गळा पूर्ण अल्बमभर एकाच खोलीवर राहतो आणि शब्द कळले नाहीत तरी चाल स्पष्ट असते. चूक असेल तर एका गाण्यात तो वर येतो, पुढच्यात बुडतो, आणि कोरस लागला की झांजा त्याला खाऊन टाकतात.

झांजांवरून आठवलं, मोठ्या आवाजाची लढाई त्यांच्यापाशीच सापडते. मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बम निघण्याआधीच्या शेवटच्या आवाज-जुळवणीत, सगळं दाबून-ठासून कमाल पातळीला नेलं, की सर्वांत आधी झांजा आणि स्नेअर मरतात. स्नेअरचा 'टक्' जाऊन 'पफ्' उरतो आणि झांजेचा लांबट झणकार थरथरतो. मेटॅलिका या बँडच्या २००८च्या अल्बमबद्दल हाच बोभाटा झाला. तीच गाणी गिटार हिरो या गेममध्ये इतकी न दाबता दिली होती, आणि लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवला. माझ्या मते अल्बम-समीक्षेचा तो एक उत्तम नमुना होता, आणि तो साध्या श्रोत्यांनी केला. आता स्पॉटिफायवर सगळं साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) या पातळीवर आणून ऐकवतात. उणे ७ वर ठासलेला अल्बम तिथे ७ डेसिबलनं खाली ओढला जातो. मोठेपणा जातो आणि ठासल्याचं नुकसान तेवढं शिल्लक राहतं. 'एनर्जी कमी वाटते' असं वाटलं, तर बँडला दोष देण्याआधी हे तपासा.

ड्रम्सकडे लक्ष द्यायची साधी युक्ती म्हणजे फिल ऐकायचे, एका भागातून दुसऱ्यात जाताना ड्रमर जी घाईची फेरी मारतो ती. स्नेअरचा प्रत्येक टोला हुबेहूब सारखा असेल, तर तिथे खऱ्या टोल्याऐवजी साठवलेला आवाज बसवला आहे. मेटलमध्ये हे जवळजवळ रूढ आहे आणि त्याला कारण आहे. २०० बीपीएमवर एका मात्रेत चार टोल्यांची डबल किक (दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम) म्हणजे सेकंदाला तेरा टोले. खऱ्या पायांचे तेवढे टोले मिक्समध्ये सुटे ऐकू येत नाहीत. ब्लूजच्या अंगानं जाणाऱ्या बँडनं तेच केलं, तर मात्र गाण्याचा श्वास जातो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कोरस येताना लय केसभर पुढे सरकते, आणि तो उत्साह मेट्रोनोमला बांधून ठेवला की मिळत नाही. गिटारी डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळ्या वाजवून घेतल्यात की एकच वाजवून तिची नक्कल केली, हेही एकेक कान काढून ऐकलं की कळतं.

मुंबईच्या रॉकवर लिहिताना आणखी एक अडचण आहे. इथल्या परीक्षणाची सवय मंचावर घडली. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला. धोबी तलावचं उघड्यावरचं रंगभवन हे त्याचं घर होतं, रुग्णालयांच्या आणि कॉलेजच्या शेजारी. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आले, रुग्णालयं, शाळा आणि कोर्टांभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले, आणि रंगभवन हातचं गेलं. त्या काळात मुंबईच्या बँडचे अल्बम फारच थोडे निघत. रॉक मशीन या बँडचा पहिला १९८८चा. नाव बदलून इंडस क्रीड झाल्यावर एक १९९५ मध्ये आणि त्यानंतरचा थेट २०१२ मध्ये. मग लोक बँडला ओळखायचे ते गर्दीतून, घामातून, गिटारिस्टच्या हातांवरून. ती ओळख खरी होती. पण नव्या बँडचा अल्बम हातात आल्यावर 'लाइव्हला ते जास्त भारी वाजवतात' हे वाक्य आजही पहिलं लिहिलं जातं. मंचावर सात मिनिटं चाललेला सोलो अल्बममध्ये चाळीस सेकंदांचा केला असेल, तर तो योग्य कापलाय का, हे लिहा. काय वाजलं नाही यापेक्षा काय वाजलं याबद्दल.

गुणांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसा रस घेण्यासारखं नाही. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाउ १९६९ पासून अक्षरांत श्रेणी देत आला, द सोर्स या हिप-हॉप मासिकानं १९९४ मध्ये रॅपर नासच्या पहिल्या अल्बमला पाचपैकी पाच माइक दिले, पिचफोर्क हे संगीताचं संकेतस्थळ ०.० ते १०.० असे गुण देतं. दशांश चिन्हानं अचूकतेचा भास होतो. ७.३ आणि ७.६ यांत कुठला सेकंद आहे, ते कोणालाच दाखवता येणार नाही. परीक्षणं गोळा करणारं मेटाक्रिटिक तर अक्षरं, तारे, आकडे सगळं शंभरच्या मापात ओतून भारित सरासरी काढतं. अर्ध्या लोकांना अतिशय आवडलेला आणि अर्ध्यांनी फेकून दिलेला अल्बम तिथे 'बरा' ठरतो. कोणालाही तो तसा वाटलेला नसतो. गुण द्यावेच लागत असतील तर सगळ्यात शेवटी द्यावेत, लेख पूर्ण झाल्यावर. आधी दिले की लेख त्यांची वकिली करू लागतो.

लांबीचं कारण मात्र समजून घ्यावं. एलपीच्या एका बाजूला साधारण बावीस मिनिटं मावत, म्हणून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम घडला. सीडीनं ती हद्द चौऱ्याहत्तरवर नेली. स्ट्रीमिंगला हद्दच नाही, आणि तीस सेकंद वाजलं की गाणं मोजलं जातं. जितकी गाणी जास्त, तितकी मोजणी जास्त. २०१८ मध्ये मिगोसनं चोवीस आणि ड्रेकनं पंचवीस गाण्यांचे अल्बम काढले, ते या हिशेबात चपखल बसतात. अशा अल्बममधली चांगली गाणी पहिल्या पाचात लागलेली असतात. परीक्षणही मग पहिल्या पाचांचंच होतं. त्याऐवजी एकदा अकराव्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐका, मग पहिल्यापासून. मधली कुठली चार काढली असती तर अल्बम बरा झाला असता, ती नावानिशी सांगा.

ओळखीपाळखीबद्दलही लिहायलाच हवं. मुंबईचं हे जग लहान आहे. लिहिणारा कार्यक्रमाचं आयोजनही करतो, बँडचा फोटोग्राफर त्याचा मित्र असतो, अल्बम आधीच ऐकण्याची लिंक कलाकारानं स्वतः पाठवलेली असते. यात लपवण्यासारखं काही नाही, लपवलं तरच वाईट. लेखाच्या सुरुवातीला एका ओळीत सांगून टाकावं. पैसे घेऊन लिहिलेलं असेल तर त्याला परीक्षण म्हणू नये, जाहिरात म्हणावं. दोन-तीन हजार श्रोते असलेल्या पहिलटकर रॅपरला झोडपून काढण्यातही काही साधत नाही. त्याला 'तिसऱ्या गाण्यात, ०:४८ला, हुकवर तुझा आवाज बीटच्या पट्टीत नाही' असं सांगितलं, तर पुढच्या वेळी तो ती पट्टी तपासेल.

आणि परीक्षणावर तारीख घालावी, किती वेळा ऐकून लिहिलं तेही. रोलिंग स्टोन मासिकानं १९६९ मध्ये लेड झेपेलिनचा पहिला अल्बम झोडपला होता, १९९१ मध्ये निर्वाणाच्या दुसऱ्याला तीन तारे दिले होते. पिचफोर्कनं २०२१ मध्ये स्वतःचेच जुने गुण उघडपणे बदलले. डाफ्ट पंकच्या २००१च्या अल्बमचे ६.४ होते, ते १० झाले. लिझ फेअरच्या २००३च्या अल्बमचं शून्य पुसून ६ आलं. इंटरपोल या बँडच्या एका अल्बमचे साडेनऊचे सात झाले. सहा महिन्यांनी वही उघडावी, वेळ लिहिलेल्या जागा पुन्हा लावाव्यात. मत बदललं असेल तर जुनं खोडू नये. त्याच्याखाली नवी तारीख टाकून लिहावं: गाणं ४, १:१२, बास काढलाय असं तेव्हा वाटलं होतं. काढलेला नाही, एक सप्तक खाली नेलाय.